बायांच्या रेकॉर्डी आधी

आमच्या गल्लीत कुणीच हळू बोलत नसे. बाहेरच्या माणसाला वाटायचं, इथे घरोघरी भांडणं पेटली आहेत. कॉलेजात असताना नागपुरातल्याच महाल भागातली माझी एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली आणि दारातूनच परत फिरली. मी मागे धावत गेले तेव्हा म्हणाली, "अगं, तुझ्या आईबाबांचं भांडण चाललंय, मी नंतर येते." बाबा मायला विचारत होते भाजी कशाची केली, आणि माय सांगत होती वांग्याची. एवढंच चाललं होतं. मला त्या मैत्रिणीचाच राग आला. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको.

वस्ती गिरणीवाल्यांची. बाबा लूमखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात कामाला होते. एका छपराखाली शेकडो माग दिवसभर खडखडत असतात, तिथे शेजारच्या माणसाने कानात बोंब मारली तरी कळत नाही. माणसं ओठांवरून ओळखतात, हातवारे करतात. पाळी संपली, भोंगा झाला, माणूस घरी आला, तरी त्याचा आवाज काही खाली येत नाही. 'गिरणीतला माणूस, मोठ्यानंच बोलणार' हे आमच्याकडे इतकं ठरून गेलेलं होतं, की त्याच्यामागे दुसरं काही असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली ती इथे झाली, आणि ती सगळ्या गल्लीने मिळून केली.

अशा माणसाला गाण्याचं वेड कुठून लागलं, देव जाणे. देव म्हणायची आमच्या घरी सोय नाही, पण तोंडात येतंच. मी लहान असताना आमच्या घराने दीक्षा घेतली. देव नदीत गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि तिच्याखालचा देवांचा कोनाडा रिकामा राहिला. त्यात काय ठेवावं हे मायला सुचेना. बरेच दिवस तिथे मिठाची बरणी होती. मग एका संध्याकाळी बाबा इतवारीच्या कबाड्याकडून चाबीचा ग्रामोफोन घेऊन आले. पेटीसारखा होता, झाकण एका बाजूने निखळलेलं. तो त्या कोनाड्यात असा नेमका बसला, जसा काही मोजून केला होता.

मायने कपाळाला हात लावला. "देव गेले अन् बाजा आला," ती गल्लीभर सांगत सुटली. घरी येऊन बाबांना म्हणाली, "आता याची पूजा करू का मी?"

"पूजा नोको करू," बाबा म्हणाले. "धूळ तेवढी पुसत जाय."

तेव्हापासून आमच्या घरात रेकॉर्डी येऊ लागल्या. बाबांचा एक नियम होता, 'आयकल्याबिगर घेनार नाई.' बर्डीच्या बाजारात एक दुकान होतं, तिथे काउंटरवरच्या मशीनवर रेकॉर्ड लावून दाखवायचे. बाबा एक बाजू पूर्ण ऐकायचे, मग म्हणायचे, "पलटवा." दुकानदार आधी वैतागला, गिरणीचा कामगार, निळा सदरा, हा काय घेणार! पण बाबा घ्यायचेच. ऐकताना मान खाली, डोळे मिटलेले, एक बोट काउंटरच्या कडेवर टेकवलेलं. मी सोबत असले की कंटाळून जायची. बर्डीवर आल्यावर मला कुल्फी पाहिजे असायची, आणि हे इथे उभे.

त्यांच्या आवडीला शेंडा ना बुडखा. जयंतीला वस्तीत जी गाणी लागायची ती तर होतीच, पण ठुमरी पण होती, सिनेमाची गाणी होती, कव्वाल्या होत्या, बासरी होती, सनई होती, आणि एका रेकॉर्डमध्ये तर नुसता कुणीतरी विनोद सांगून स्वतःच हसत होता. कळत नसलेल्या भाषेतल्यासुद्धा दोन-चार होत्या. "कोनती भाषा आहे ही?" मायने विचारलं. "मले का मालूम," बाबा म्हणाले, "पन बाई मनापासून गाऊन राह्यली ना." बायांचे आवाज त्यांना फार आवडत. बारीक, उंच, वर जाऊन तिथेच थांबून राहणारे. अशी जागा आली की ते तळहात वर करायचे, म्हणजे आम्ही कुणी बोलू नये.

काटोलची गोष्ट सांगते, कारण तितके खूश बाबा मी परत पाहिले नाहीत. तिथल्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाने घरी नवं रेडिओग्राम आणलं होतं, आणि बापाच्या जुन्या रेकॉर्डी त्याला अडगळ झाल्या होत्या. ही बातमी बाबांना खात्यातल्या कुणीतरी दिली. सुटीच्या दिवशी आम्ही बापलेक पहिल्या बसने काटोलला. व्यापाऱ्याने बखारीत नेलं. रेकॉर्डी अशाच एकावर एक रचलेल्या, अर्ध्यांच्या पिशव्या गेलेल्या, नावं पुसलेली. बाबांना घाम फुटला. त्यांचा नियमही त्या दिवशी मोडला, ऐकायला तिथे मशीन कुठे होती! संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या मागून घेतल्या, मधे मधे तणस घातलं आणि पेट्या घेऊन बसमध्ये चढले.

कंडक्टर म्हणाला, "काय आहे बे पेटीत?"

"संत्रे," बाबा म्हणाले.

"आता? चैत्रात?"

"गानेवाले संत्रे आहेत."

कंडक्टर पेट्या टपावर टाका म्हणून हटून बसला. मग मी भांडले. फ्रॉकमधली पोर, पण असा काही आवाज लावला की सगळी बस आमच्याकडे वळून पाहू लागली. गिरणीच्या वस्तीतला गळा तो, कंडक्टरची काय टाप! शेवटी एक पेटी बाबांच्या मांडीवर आणि एक माझ्या. नागपूर येईपर्यंत तणस टोचून टोचून माझ्या मांड्या सोलून निघाल्या. घरी आल्या आल्या बाबांनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. एकेक काढायची, मऊ कापडाने पुसायची, लावायची. नाव नाही, गाव नाही, काय वाजेल पत्ता नाही. एखादी छान निघाली की ते मोठ्याने हसायचे. माय भाकरी टाकता टाकता म्हणाली, "इतके तं पोरगी झाली तवाबी नाई हासले." मीही हसत होते. आमच्या घरात आनंद म्हणजे काय तर ती संध्याकाळ, एवढं मला ठाम सांगता येतं.

त्या पेट्याच मग रेकॉर्डींच्या पेट्या झाल्या. पुढे आणखी पेट्या आल्या. उन्हाळ्यात पंचाईत व्हायची. नागपूरचा मे महिना माणसाला वाकवतो तिथे रेकॉर्डीची काय कथा, बशीसारख्या होतात. मग पेट्या खाटेखाली जायच्या, थंड फरशीवर, खिडकीला ओलं पोतं, आणि आम्ही माणसं अंगणात तडफडत. माय म्हणायची, "मेल्यांनो, मलेबी रेकॉर्ड समजा अन् खाटेखाली ठेवा."

रविवारी दुपारनंतर बैठक बसायची. बाबांचे लूमखात्यातले तीन दोस्त, एकाच ओळीतल्या मागांवर उभे राहून म्हातारे होत चाललेले. एक शेजारचे काका, एक विडी ओढणारे काका, आणि तिसरे पारशिवनीचे. त्यांचं घर इथेच होतं, पण पुढे रिटायर झाल्यावर ते गावी गेले आणि तिथून बसने यायला लागले, तरी रविवार चुकवला नाही. चौघं भिंतीला टेकून बसायचे, मधे बाजा. बोलणं फारसं नाही. गाणं संपलं की "वाह!" एवढं. मी किंवा माय चहा द्यायचो.

चाबीचा ग्रामोफोन जाऊन विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आला तो एका दिवाळीच्या बोनसवर. त्याला आवाज लहानमोठा करायचं बटण होतं. ते बटण हळूहळू पुढे सरकत गेलं. एका दिवसात सरकलं असतं तर कळलं असतं. ते वर्षावर्षाने सरकलं. आम्ही त्याच घरात, आमचेही कान त्यालाच सरावले.

कळलं ते कसं, तर माझ्या भांडखोरपणामुळे. मी तेव्हा बी.एड. करत होते. आमच्या मागच्या बाजूला नवं बिऱ्हाड आलं, गिरणीतलं नव्हे, पोस्टातलं. त्या बाईने एकदा येऊन सांगितलं की आवाज जरा कमी करा. मी तिला चांगलंच सुनावलं. आमच्या घरी गाणं वाजतं, दारू पिऊन धिंगाणा नाही होत, आणि गाणं सोसत नसेल तर बंगल्यात जाऊन राहा, असं काहीबाही. ती बाई शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुमच्या बाबांना ऐकू कमी येतं का?"

"तुम्हाला येत नसेल!" मी म्हणाले आणि दार लोटलं.

पण किडा डोक्यात शिरला. बाबा आतल्या खोलीत पाठमोरे बसून सुई बदलत होते. मी दारात उभी राहून साध्या आवाजात म्हटलं, "बाबा." त्यांनी वळून पाहिलं नाही. मी आणखी एकदा हाक मारली. मग मोठ्याने मारली, गल्लीत मारतो तशी. तेव्हा त्यांनी मान किंचित वर केली, आणि चुकीच्या बाजूला, खिडकीकडे पाहिलं.

चुलीपाशी माय बसली होती. ती म्हणाली, "समोर जाऊन बोल वं. मांगून बोललं तं त्यायले नाई समजत."

"कवापासून?"

"कोन जाने. तू लहान होती तवापासून. गिरनीतले सारेच तसे असतात."

मी मायवर ओरडले. आपल्याला सांगितलं का नाही, दवाखान्यात नेलं का नाही, इतकी वर्षं काय झोपली होतीस का. तिला खरंच कळेना की यात सांगण्यासारखं काय आहे. तिच्या वडिलांचं तसंच होतं, भावाचं तसंच. मागून बोलायचं नाही, हे तिला लग्न होऊन येतानाच ठाऊक होतं.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला, कानामागच्या हाडावर टेकवला, मग मशीनवर बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले. बाबा शाळेतल्या पोरासारखे सरळ बसून, ऐकू आलं की हात वर करत होते. बराच वेळ हात खालीच राहिला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, कानाची नस मागांच्या आवाजाने झिजली. याला औषध नाही, ऑपरेशन नाही. गेलेलं परत येणार नाही, आणि जे आहे तेही हळूहळू जाईल.

मी त्या डॉक्टरशीही भांडले असते. पण भांडायचं कशासाठी, तेच सापडेना.

बाबांनी हे सगळं त्याच्या ओठांवरून वाचलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "डाक्टरसाहेब, पयले का जाईन? बाईचा आवाज का मानसाचा?"

डॉक्टरला वाटलं, घरच्या माणसांबद्दल विचारताहेत. तो म्हणाला, बारीक आणि उंच आवाज आधी जातात, बायकांचे, लहान मुलांचे. जाडे आवाज नंतरपर्यंत राहतात. बाबांनी मान हलवली. "मंग बासरी?" त्यांनी विचारलं. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "रेकॉर्डीचं विचारताहेत." तो बिचारा म्हणाला, "बासरी लवकर जाईल, काका."

घरी आल्यावर बाबांनी सगळ्या पेट्या बाहेर काढल्या. मला वाटलं, रागाच्या भरात फेकतात की काय. पण ते रेकॉर्डी वेगवेगळ्या करत बसले. एका पेटीत बायांच्या. दुसरीत बासरी, सनई. तिसरीत माणसांच्या. सगळ्यांत शेवटी ढोलक, नगारे, कव्वाल्या. दोन दिवस हेच चाललं. मग त्यांनी मला बोलावून दाखवलं.

"जे पयले जानार ते पयले आयकून घेतो," ते म्हणाले. "बायांच्या रेकॉर्डी आधी. मानसं काय, ते थांबतीन."

मी म्हटलं, लूम सोडा. दुसऱ्या खात्यात मागून घ्या, गोदामात, गेटवर, कुठेही. ते म्हणाले, "लूम सोडू? मंग खाऊ का, रेकॉर्डी?" दुसऱ्या खात्यात पगार कमी होता, माझं बी.एड. अर्ध्यात होतं, धाकटा भाऊ अजून शाळेत. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला काय समजत नव्हतं? निदान कानात कापूस तरी घाला, मी म्हटलं. त्यावर ते हसले. "अवं, साऱ्या खात्यात कापूसच उडून राह्यला. कानात कोंबला तं लूम का म्हन्ते ते कसं समजन मले?" मागाचा आवाज बदलला की धागा कुठे बिनसला ते त्यांना कळायचं. ज्या कानांवर पोट चालत होतं तेच कान गिरणी खात होती, आणि मी जे सुचवीन ते पालथ्या घड्यावर पाणी.

ते वर्ष आमच्या घरात बायांच्या आवाजाचं गेलं. पाळीवरून आले की एक, जेवणाआधी एक. ठुमरी, लावणी, सिनेमाची गाणी, त्या न कळणाऱ्या भाषेतली बाई. बटण शेवटाला टेकलेलं. मागच्या बिऱ्हाडातल्या बाईकडे मीच गेले, मान खाली घालून, आणि काय ते सांगितलं. ती त्यानंतर कधी काही बोलली नाही. परीक्षेच्या दिवसांत तिचा मुलगा पुस्तकं घेऊन दुसरीकडे अभ्यासाला जाताना दिसायचा, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कानाची मशीन आणली. खिशात डबी आणि कानापर्यंत वायर. बाबांनी ती लावून पहिल्यांदा काय ऐकलं असेल, तर माय ताट घासत होती ते. "बंद कर वं!" असे ओरडले की ताट तिच्या हातून पडलं. रेकॉर्ड लावून पाहिली. सुरुवातीला आशेने बसले, मग चेहरा आंबट. "पिंपात बसून गाऊन राह्यली," म्हणाले. डबी कोनाड्यात ठेवली आणि परत काढली नाही. मी हट्ट केला, रडले, जेवले नाही. "तू जेव," ते म्हणाले, "तुह्या न जेवल्यानं माहे कान येतात का?"

पुढे मला कोराडीच्या शाळेत नोकरी लागली. तिथेच राहायची, रविवारी बसने घरी यायची. एकदा आले तर बाबा प्लेअरसमोर बसलेले. बायांच्या पेटीतली त्यांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड फिरत होती. आवाज इतका मोठा की मला गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला होता. मी समोर जाऊन बसले. बाई वर चढत गेली, तिथे थांबली, त्याच जागी, जिथे बाबा तळहात वर करायचे. त्यांचा हात मांडीवरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सुरू झाली का?"

मी मान हलवून हो म्हटलं. त्यांनी रेकॉर्ड पूर्ण होऊ दिली, पुसली, पिशवीत घातली. संध्याकाळी बायांची पेटी खाटेखाली अगदी मागे गेली, आणि बासरीची पुढे आली. मी न्हाणीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडून घेतलं. नळ कशाला सोडला कुणास ठाऊक, ऐकायला घरात होतं कोण! धाकटा बाहेर गेलेला, माय तेवढी.

यानंतर ते रेकॉर्डी घ्यायचं थांबवतील असं मला वाटलं होतं. कसलं काय. एका रविवारी मला बर्डीवर घेऊन गेले. दुकानात आता त्या जुन्या दुकानदाराचा मुलगा बसायचा. बाबांनी फळीवरच्या एका नव्या रेकॉर्डकडे बोट दाखवलं. बाईचीच होती. मुलाने ती मशीनवर लावली. बाबा सवयीने मान खाली घालून उभे राहिले, बोट काउंटरवर. मग मान वर करून म्हणाले, "मोठा करा." त्याने केला. "आनखी." दुकानातली माणसं कानावर हात ठेवून वळून पाहायला लागली. कॉलेजची दोन पोरं हसली. मुलगा चिडून म्हणाला, "काका, इससे ज्यादा नहीं होता, बहरे हो क्या?"

माझा हात खरंच उठला होता. बाबांनी तो धरला. त्यांनी मुलाचे ओठ पाहिले होते, हिंदीतले झाले म्हणून काय. त्यांनी मशीनवरून रेकॉर्ड काढायला लावली आणि म्हणाले, "देऊन द्या. अच्छी है."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच ओरडले. आयुष्यभर ऐकल्याशिवाय घेतली नाही आणि आता ऐकू येत नाही तर घेता? काहून घेता? कुणासाठी घेता? माणसं थांबून पाहत होती, पाहू देत. बाबा माझ्या ओठांकडे नीट बघत होते, एकही शब्द सुटू नये म्हणून, आणि त्यामुळेच मला पुढे ओरडता येईना.

"ह्या बाईच्या माह्यापाशी आतापर्यंतच्या साऱ्या आहेत," ते म्हणाले. "हीच एक काहून सोडू? तिनं तं गानं बंद नाई केलं ना."

आम्ही रिक्षा केली आणि घरी आलो.

बासरी गेली, सनई गेली. मग माणसांचे आवाजही पातळ होत गेले. बाबा रिटायर झाले. शेवटी कव्वाल्यांची पेटी तेवढी राहिली, ढोलक आणि टाळ्या आणि जाड गळ्याचे कव्वाल. रविवारची बैठक मात्र चालू होती. किंबहुना आता चौघांनाही दुसरं काम नव्हतं. सुईची दांडी रेकॉर्डवर किती आत सरकली यावरून बाबा गाणं कुठवर आलं ते ओळखायचे. इतक्या वेळा ऐकलेली गाणी, त्यांना एवढ्यावर चालवून घेता येत होतं.

असाच एक रविवार. मी चहा करत होते. बाहेर एक लांबलचक कव्वाली लावलेली, घर दणाणत होतं. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली. अर्धा शब्द, ढोलकचे दोन ठोके, पुन्हा तोच अर्धा शब्द, तेच दोन ठोके. मी कप भरेपर्यंत वाट पाहिली, आता कुणीतरी उचलेल म्हणून. कुणी उचलली नाही. मी ट्रे घेऊन दारात आले.

चौघं भिंतीला टेकून बसलेले. विडीवाल्या काकांचे डोळे मिटलेले. शेजारचे काका मांडीवर ताल धरून. पारशिवनीचे काका मान डोलावत होते, मधेच हात उचलून "वाह! क्या बात है!" म्हणाले. आणि मशीन तोच अर्धा शब्द ओकत होती.

तोवर मला वाटत होतं की बहिरे आमचे बाबा. मायने सांगूनही बाकीच्यांचा मी कधी विचारच केला नव्हता. ते तर याच खात्यातले, याच ओळीतले. पारशिवनीहून दोन तास बसने येणारा हा माणूस काय ऐकायला येत होता इतकी वर्षं? ट्रेमधले कप वाजायला लागले, तेही मला एकटीलाच ऐकू येत होते.

मी मशीनकडे एक पाऊल टाकलं. बाबांचे डोळे उघडे होते. ते उठले, चहा घ्यायला उठल्यासारखे, माझ्यासमोर आले आणि दोस्तांकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे त्यांचे ओठ कुणाला दिसू नयेत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवाज न काढता विचारलं, "अडकली ना?"

दांडी पुढे सरकत नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

मी मान हलवली. "हळूच पुढं करू का?"

"नोको लावू हात. तू हात लावला तं त्यायले समजते."

"काय समजते?"

"हेच, का आपल्यातल्या कोनालेच आयकू नाई आलं."

त्यांनी माझ्या हातातून ट्रे घेतला, प्रत्येकासमोर कप ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. डोळे मिटले. मान डोलवायला लागले. अर्धा शब्द, दोन ठोके. मी दाराला धरून उभी राहिले. मशीन उचलून अंगणात आपटावीशी वाटत होती, त्या गिरणीचा भोंगा उपटून काढावासा वाटत होता, आणि मी नुसती उभी. कव्वाली संपायला जितका वेळ लागतो तितका वेळ बाबांनी जाऊ दिला. मग डोळे उघडले, वाकून दांडी उचलली, आणि घर एकदम गप्प झालं.

"वाह!" चौघंही म्हणाले.

पारशिवनीच्या काकांनी डोळे पुसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आयकलं का वं पोरी? असं गानं आता नाई होत."

"नाही होत, काका," मी म्हणाले.

त्यांनी हात कानामागे नेला. "का म्हनली?"

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि पुन्हा, जमेल तितक्या मोठ्याने म्हणाले, "नाही होत, काका."